वाहतूक कोंडी : रस्त्याची रचना आणि वाहनांचा वेग

रस्त्यावर मावतील त्याहून जास्त गाड्या आल्या की कोंडी होते, हे खरे असले तरी अपुरे आहे. तेवढ्याच गाड्या एका रस्त्याने सुरळीत जातात आणि दुसऱ्यावर तुंबतात. रस्ता कुठे चिंचोळा होतो आणि चालक वेग कसा राखतात, यावर बरेच अवलंबून असते.

अमेरिकेतील अभियंता ब्रूस ग्रीनशील्ड्स याने १९३५ मध्ये गाड्यांची दाटी आणि वेग यांचा संबंध मांडला. दाटी वाढते तसा वेग घटतो. त्यामुळे रस्ता सर्वांत जास्त गाड्या वाहून नेतो तो मधल्या वेगाला. भरधाव गेल्याने रस्ता लवकर मोकळा होतो, ही समजूत साध्या हिशेबापुढेही टिकत नाही. पाच मीटर लांबीच्या गाड्यांनी पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखले, तर ताशी ६० कि.मी. वेगाने एका मार्गिकेतून तासाला सुमारे १,५६५ गाड्या जातात. ताशी १०० कि.मी. वेगाने सुमारे १,६५०. एवढ्या जादा वेगाची कमाई पाच टक्के!

वेग किती यापेक्षा तो एकसारखा आहे का, हे अधिक महत्त्वाचे. जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मी. परिघाच्या गोल मार्गावर २२ गाड्या सोडल्या. चालकांना ताशी ३० कि.मी. वेग राखायला सांगितले होते. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवे येणारे कोणी नाही. तरी थोड्याच वेळात कुणाचा वेग किंचित कमी झाला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. थांबण्याची ही लाट ताशी सुमारे २० कि.मी. वेगाने मागे सरकत राहिली. पुढे अपघात नसताना गाड्या का खोळंबल्या, या रोजच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा हेच असते. लंडनभोवतीच्या एम२५ मार्गावर १९९५ पासून गर्दीनुसार वेगमर्यादा बदलली जाते, तीही असे झटके टाळण्यासाठी.

रचनेतील दोषाचे ठळक उदाहरण बोरघाटात सापडते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी, जुना महामार्ग चौपदरी. आडोशी बोगद्याजवळ दोन्ही एकत्र येतात आणि खंडाळ्यापर्यंत दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते. त्यात चढ. एक भरलेला ट्रक दुसऱ्याला मागे टाकायला मधल्या मार्गिकेत शिरला, की मागच्या मोटारी घाटाखालपर्यंत रांगतात. या पट्ट्याला वळसा देण्यासाठीच बोगदे आणि दरीवरचा पूल असलेला ‘मिसिंग लिंक’ आखण्यात आला.

शहरात खरी मर्यादा सरळ रस्त्याची नसून चौकाची असते. उड्डाणपुलाने एक सिग्नल टळतो. पण उतारानंतरच्या चौकाची क्षमता तेवढीच असेल, तर रांग फक्त जागा बदलते. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून तिथे मेट्रोसह दुमजली पुलाचे काम हाती घ्यावे लागले. रुंदीकरणाचेही तसेच आहे. रस्ता ऐसपैस झाला की आधी रेल्वेने किंवा बसने जाणारेही गाडी बाहेर काढतात. उलट अनुभव सोलचा: २००३ मध्ये तिथे चंगेचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला, ओढा २००५ मध्ये खुला झाला, आणि ज्या महाकोंडीचे भाकीत होते ती झाली नाही. बससेवेतही त्याच सुमारास सुधारणा झाल्या होत्या. त्यामुळे सगळे श्रेय पाडकामाला देता येत नाही.