पार्श्वभूमी : कोणाला काय कळले, याचे तर्कशास्त्र

ज्ञान आणि समजूत यांच्या आधुनिक तर्कशास्त्राची सुरुवात सहसा १९६२ मधील एका ग्रंथापासून धरतात. त्यात या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे ते मांडता येई. नवी गोष्ट कळल्यावर काय बदलते, ते येत नसे. १९८९ मध्ये उघड घोषणेपुरती वाट निघाली : घोषणा जिथे खोटी ठरते, त्या शक्यता वगळायच्या. पण सगळ्याच गोष्टी चारचौघांत बोलल्या जात नाहीत.

समजा, नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी एक शेतकरी रुमालाखाली बोटे दाबून एकाच व्यापाऱ्याला आपला किमान भाव कळवतो आहे. शेजारच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला भाव कळत नाही, पण तो कळवला गेला हे कळते. १९९८ मध्ये अशा घटनेचाच आराखडा काढण्यात आला : ‘आठशे सांगितले’, ‘नऊशे सांगितले’ अशा शक्य घटना, प्रत्येकीची पूर्वअट (ती घडायला काय खरे असावे लागते), आणि त्यांतला फरक कोणाला कळत नाही याची नोंद. आधीच्या शक्यतांशी या आराखड्याचा गुणाकार केला, म्हणजे प्रत्येक शक्यतेची तिथे घडू शकणाऱ्या प्रत्येक घटनेशी जोडी लावली, की नंतरची परिस्थिती मिळते. या विषयातली सर्वांत मोलाची कल्पना माझ्या मते हीच.

घोळ आहे तो ‘अद्यतन’ या शब्दाचा. १९९१ मध्ये एक भेद स्पष्ट करण्यात आला होता : जग बदलले म्हणून समजूत बदलली तर ते अद्यतन; जग तेच, पण समजूत चुकीची निघाली तर ती दुरुस्ती, जिचे नियम १९८५ मध्येच मांडले गेले होते. वरच्या गुणाकारालाही अद्यतनच म्हणतात, पण मूळ मांडणीत त्याने जगातली वस्तुस्थिती बदलत नाही आणि समजुतीची दुरुस्तीही होत नाही. तोच भाव आदल्या रात्री फोनवर गुपचूप कळवला गेला असेल, तर दुसऱ्या व्यापाऱ्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. सकाळी कोणी सर्वांसमक्ष सांगितले की ‘याला भाव ठाऊक आहे’, तर दुसऱ्या व्यापाऱ्याने धरलेली एकही शक्यता उरत नाही; आणि मानणे म्हणजे धरलेल्या सर्व शक्यतांत खरे असणे, म्हणून मग तो परस्परविरोधी विधानेही मानतो असे सूत्र सांगते. ज्ञान खोटे नसतेच, म्हणून ज्ञानापुरती ही अडचण येत नाही, हे खरे. पण बाजार समजुतींवर चालतो, आणि तिथला माणूस ‘म्हणजे रात्रीच बोलणे झाले होते तर’ असे म्हणून आपला अंदाज सुधारतो. ते ज्या मांडणीत बसत नाही, ती मला अपुरी वाटते.

पुढे शक्यता आणि घटना या दोन्हींना विश्वासार्हतेचा क्रम देऊन, ताज्या घटनेला झुकते माप देणाऱ्या मांडण्या २००८ च्या सुमारास स्थिरावल्या. हवी ती परिस्थिती कोणत्या घटनांच्या क्रमाने गाठता येईल, हे अनेकांच्या बाबतीत ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. मर्यादित शक्यतांपासून निघून केवळ उघड घोषणाच करायच्या असतील, तर मात्र ते ठरवता येते, कारण घोषणेने शक्यता कधी वाढत नाहीत.