बारावीनंतर आंतरराष्ट्रीय संबंध : प्रवेशाआधी वाचून घ्या

"म्हणजे नक्की शिकवतात काय हो?" नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या मार्गदर्शन केंद्रात या विषयाबद्दल पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. निफाड-दिंडोरीकडचे पालक असले, की आम्ही 2024 च्या द्राक्ष हंगामाची आठवण काढतो. युरोपला जाणाऱ्या कंटेनरचं भाडं तेव्हा एकदम वाढलं होतं. तांबड्या समुद्रात येमेनमधले हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते, म्हणून सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागत होता. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. लासलगावात भाव कोसळले आणि तिकडे बांगलादेशात कांदा महागला. आपला माल कोणाच्या निर्णयाने अडतो, ते निर्णय कसे होतात, देश कशावरून भांडतात आणि कशावर जुळवून घेतात, हे शिस्तीने शिकायचं म्हणजे हा विषय. द्राक्ष बागायतदारांच्या घरातल्या मुलांना तो लवकर उमगतो, असा आमचा अनुभव आहे.

अभ्यासात दोन महायुद्धांनंतरचा इतिहास, संयुक्त राष्ट्रं, जागतिक व्यापार संघटना आणि भारताचं परराष्ट्र धोरण येतं. सिद्धांतही येतात: वास्तववाद (देश आपली ताकद आणि स्वार्थ बघूनच वागतात), उदारमतवाद (व्यापार आणि संस्थांमुळे देश सहकार्य करू शकतात), आणि आपल्याकडचा कौटिल्याचा मंडल सिद्धांत (शेजारचं राज्य शत्रू, त्याच्या पलीकडचं मित्र). वाचन भरपूर, तेही बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं. त्याला घाबरू नका, पण बारावीच्या सुट्टीतच रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायची सवय लावा.

आता प्रवेशाचं. नाशिकमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत राज्यशास्त्र घेऊन बीए करता येतं. पुण्याच्या फ्लेम विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यास हा मुख्य विषय घेता येतो. सोनिपतच्या जिंदल विद्यापीठातही आंतरराष्ट्रीय घडामोडींसाठी वेगळी शाखा आहे. ही दोन्ही खासगी विद्यापीठं, खर्च मोठा. वसतिगृहासकट तीन-चार वर्षांचा हिशेब मांडूनच ठरवा. दिल्लीच्या जेएनयूची आंतरराष्ट्रीय अभ्यास शाखा नावाजलेली, पण ती पदव्युत्तर शिक्षणासाठी. बारावीनंतर तिथे परकीय भाषांत बीए करता येतं.

एक गैरसमज मात्र आम्हाला मनापासून दूर करायचा आहे. ही पदवी घेतली म्हणजे परराष्ट्र सेवेत थेट वर्णी लागते, असं काहीजण सांगतात. तसं नाही. भारतीय विदेश सेवेची निवड यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर, वयाची 21 वर्षं पूर्ण झाली की, ती देऊ शकतो. 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषय तिथे आहे, त्यामुळे या अभ्यासाचा फायदा होतो, पण ही पदवी घेतलेल्यांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवलेल्या नाहीत.

म्हणून पदवीच्या नावासाठी कर्ज काढू नका. नाशिकमध्येच राज्यशास्त्र घ्या, जोडीला अर्थशास्त्र आणि एक परकीय भाषा. भाषेसाठी पुण्याला जायची तयारी असेल, तर तिथल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन शिकवतात. निर्यात कंपन्या, पत्रकारिता, संशोधन संस्था, कुठेही गेलात तरी भाषा येणाऱ्याला कामं मिळतात. पिंपळगावची एक विद्यार्थिनी घरच्या द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं वाचतावाचता जर्मन शिकायला लागली. आज युरोपातल्या खरेदीदारांची पत्रं तीच वाचते आणि वडिलांना मराठीत समजावून सांगते.

भेटीला येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणा. मुलाला किंवा मुलीलाही सोबत आणा. पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त त्यांच्याशी बोलतो.