सिटी कौन्सिलच्या बैठकीला प्रेस कार्ड लागत नाही

अमेरिकेत पत्रकाराला सरकारी परवाना लागतो आणि गावच्या सिटी कौन्सिलच्या बैठकीत फक्त त्यालाच बसता येतं, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. गळ्यातली ती कार्डं बघून कुणालाही तसं वाटेल.

पण ती कार्डं बहुधा वृत्तपत्रानेच दिलेली असतात. काही ठिकाणी पोलीस देतात, तीही घटनास्थळी पिवळ्या पट्टीपलीकडे जाण्यापुरती. बातमी लिहायला परवाना नाहीच. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीपासून वृत्तपत्रस्वातंत्र्य राज्यघटनेतच आहे.

बैठकांचं म्हणाल, तर ५० राज्यांत खुल्या बैठकांचे कायदे आहेत. कोर्टातला खटला, कर्मचाऱ्याची चौकशी अशा मोजक्या विषयांसाठी दार बंद होतं. एरवी मागची खुर्ची कुणाचीही.

पडताळायचं असेल तर शहराच्या वेबसाइटवर किंवा सिटी हॉलच्या फलकावर अजेंडा बघा. त्यात ‘पब्लिक कॉमेंट’ दिसलं, तर नागरिकालाही बोलता येतं, बरेचदा तीनच मिनिटं. (समोरचं घड्याळ उलटं धावत असतं, प्रस्तावना घरीच उरकून जावी.) सरकारकडून कागदपत्रं मागण्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत अर्जदार तिथलाच रहिवासी असावा लागतो.