फ्रेममधले पॉल हॅरिस

बेळगावात एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या केबिनमध्ये गेलात, तर खुर्चीमागच्या भिंतीवर एक फ्रेम बऱ्याचदा दिसते : 'पॉल हॅरिस फेलो'. रोटरी या सेवाभावी क्लबांच्या संघटनेच्या फाउंडेशनला एक हजार डॉलर दिले, किंवा कोणी आपल्या नावे दिले, की हा मान मिळतो. पण हे हॅरिस कोण, असं विचारलं तर 'रोटरीचे संस्थापक' याच्यापुढे गाडी सहसा जात नाही. पुढे न्यावी अशी ती गोष्ट आहे.

पॉल हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ चा, अमेरिकेतल्या रसीन गावचा. घरची परिस्थिती ढासळली आणि तीन वर्षांच्या पॉलला व्हरमाँटमधल्या वॉलिंगफोर्ड या खेड्यात आजी-आजोबांकडे ठेवलं. ते तिथेच वाढले. १८९१ मध्ये वकिलीची पदवी घेतली, पण लगेच काळा कोट चढवला नाही. पाच वर्षं मिळेल ते काम करत फिरले : बातमीदारी, हॉटेलात रात्रपाळी, संगमरवराची विक्री, गुरं नेणाऱ्या बोटीवर मजुरी. १८९६ साली शिकागोत स्थिरावले.

तिथे अशील मिळाले, पण जिवाभावाचं कोणी मिळालं नाही. १९०० मधल्या एका संध्याकाळी ते एका वकील मित्राकडे जेवायला गेले होते. जेवणानंतर दोघे फेरफटका मारायला निघाले, तर तो मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावानं हाक मारत चालला होता. हॅरिस यांना वॉलिंगफोर्ड आठवलं. गणपत गल्लीतून घरी परतताना ज्याला चार दुकानांत थांबून बोलावंच लागतं, त्या बेळगावकराला यात नवल वाटणार नाही. ज्याला हे मिळत नव्हतं, त्याला मात्र त्याची किंमत कळली.

तो विचार पाच वर्षं मुरला. २३ फेब्रुवारी १९०५, गुरुवारची संध्याकाळ. शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघं बसले : हॅरिस, खाणींचे इंजिनिअर गुस्तावस लोअर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकामाचा व्यवसाय असलेले हायरम शोरी. बैठक पाळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात घ्यायची, म्हणून नाव पडलं रोटरी. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा, म्हणजे चढाओढ नको. त्याच १९०५ साली इकडे लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनं बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माणसं एकत्र आणण्याची धडपड दोन्हीकडे होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीच्या रोटरीत सेवा नव्हती, हे आज फार थोड्यांना ठाऊक असतं. मैत्री करायची आणि एकमेकांना धंदा द्यायचा, एवढंच. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद व्हा म्हणून विचारलं, तर त्यांनी नकार दिला. या क्लबात बाहेरच्या माणसासाठी काय आहे, असा त्यांचा प्रश्न होता. तो हॅरिस यांच्या मनाला लागला. नियमावलीत शहराच्या हिताचं कलम आलं आणि मग कार्टर सभासद झाले. माझ्या मते रोटरीचा खरा जन्म या नकारात आहे, आणि तो मनावर घेतला हे हॅरिस यांचं मोठेपण.

१९०७ मध्ये हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम होतं शहरात मुतारी बांधण्याचं. बिअरवाले आणि बडे दुकानदार विरोधात गेले. पुरुषांसाठी बार आहेत, बायकांसाठी आमची दुकानं आहेत, मग वेगळी सोय कशाला? पण त्यासाठी पुरुषाला आधी बिअर घ्यावी लागे आणि बाईला काहीतरी खरेदी करावी लागे. बाजाराच्या दिवशी खेड्यातून येणाऱ्या आमच्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

एक चूक मात्र फार काळ राहिली. स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९८९ उजाडलं. तोवर रोटेरियनची बायको म्हणजे 'ॲन', आणि तिनं राबायचं ते इनरव्हील या बायकांच्या वेगळ्या क्लबातून.

भारतात रोटरी आली १९१९ मध्ये, कलकत्त्यात. हॅरिस २७ जानेवारी १९४७ रोजी गेले. फुलांऐवजी फाउंडेशनला देणगी द्या, ही त्यांची इच्छा होती. भिंतीवरच्या त्या फ्रेमचं मूळ तिथे आहे.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि सीमाभागातला मराठी माणूस आजही तो काळा दिवस पाळतो. पण रोटरीचा नकाशा वेगळा आहे. तिच्या ३१७० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये बेळगाव आणि कोल्हापूर एकत्र येतात, गोवाही येतो. इथला मराठी अडत्या आणि कानडी वकील एकाच टेबलाला बसतात. सीमाप्रश्न त्यानं सुटत नाही, पण रक्तदान शिबिराची तारीख ठरते.

१९८५ मध्ये रोटरीनं पोलिओ निर्मूलनाचा विडा उचलला आणि १९९५ पासून आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. कॉलेजात असताना मी निपाणी बसस्थानकाच्या बूथवर बसलो होतो. सिस्टर प्रत्येक कुपी उजेडात धरून लेबलावरचा छोटा चौकोन बघायच्या. तो उष्णतेनं गडद झाला, की कुपी बाद. त्या 'एरडु हनी' म्हणायच्या, मी 'दोन थेंब' म्हणायचो. कोल्हापूरची लाल गाडी लागली की आम्ही दाराशी धावायचो. उतरणाऱ्या बाया आम्ही काही विचारायच्या आत लेकराचा डावा हात पुढे करायच्या. करंगळीवर शाईची खूण असायची, कागलला नाहीतर कोल्हापुरात लावलेली. मग आम्ही पुढच्या लेकराकडे वळायचो.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. बूथ आजही लागतात.