तटस्थता

तटस्थता : इतर राष्ट्रांमध्ये युद्ध चालू असताना त्यात कोणत्याही बाजूने न पडण्याची राष्ट्राची कायदेशीर स्थिती. रोजच्या बोलण्यात तटस्थ म्हणजे काठावर उभा राहून पाहणारा. आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या तटस्थाला मात्र नुसते पाहत राहून भागत नाही.

त्याची कर्तव्ये मुख्यतः १९०७ च्या हेग करारांत सांगितली आहेत. युद्धमान राष्ट्रांनी तटस्थ भूमीतून सैन्य किंवा दारूगोळा नेऊ नये, आणि तटस्थ राष्ट्रानेही तो नेऊ देऊ नये. आश्रयाला आलेल्या सैनिकांना निःशस्त्र करून स्थानबद्ध ठेवावे लागते. हा प्रघात करारांच्या आधीचा आहे: १८७१ मध्ये सरहद्द ओलांडून आलेल्या सुमारे ८७,००० फ्रेंच सैनिकांना स्वित्झर्लंडने असेच ठेवून घेतले होते. युद्धनौकांना तटस्थ बंदरात एरवी २४ तासांचीच मुभा असते. दुरुस्तीसाठी ती वाढवता येते. डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला उरुग्वेने माँटेव्हिडिओत ७२ तास दिले. मुदत संपताना कप्तानाने ती बंदराबाहेर नेऊन स्वतःच बुडवली.

खाजगी व्यापाऱ्यांची शस्त्रविक्री थांबवण्याचे बंधन मात्र हेग करारांनी तटस्थ सरकारवर घातले नाही. ही पळवाट चांगलीच रुंद आहे. सरकारने बंदी घातलीच, तर ती दोन्ही पक्षांना सारखी लागू करावी, एवढीच अट.

काही राष्ट्रांनी कायमची तटस्थता पत्करली: स्वित्झर्लंड (१८१५), बेल्जियम (१८३९), ऑस्ट्रिया (१९५५). बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेणाऱ्यांत प्रशियाही (पुढे जर्मन साम्राज्यातले प्रमुख राज्य) होता. १९१४ मध्ये जर्मन फौजा तिथेच घुसल्या आणि त्यावरून ब्रिटन युद्धात उतरले. नुसत्या हमीवर विसंबता येत नाही; तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, ती यामुळेच समजते.

अलिप्तता ही वेगळी गोष्ट. वृत्तपत्रे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. अलिप्तता हे लष्करी गटांत सामील न होण्याचे धोरण असून ते शांततेच्या काळातही चालू असते. अलिप्त देश स्वतःचे युद्ध लढू शकतो. भारत १९६५ आणि १९७१ मध्ये लढला.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार सुरक्षा परिषदेचे निर्णय सदस्यांवर बंधनकारक असल्याने तटस्थतेला मर्यादा पडल्या. स्वित्झर्लंड २००२ मध्येच सदस्य झाले. २०२२ मध्ये त्याने रशियावरील युरोपीय निर्बंध स्वीकारले, पण जर्मनीला विकलेला स्विस दारूगोळा युक्रेनला देण्याची परवानगी नाकारली. कारण दिले ते दोन्ही पक्षांना समान वागवण्याच्या त्याच जुन्या अटीचे.