अंगणवाडीत खिचडी तर मिळते, शिकवतात किती? कागद मागण्याची रीत

आपल्या वाडीतल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं रोज जातात. दुपारी घरी आल्यावर आपण विचारतो, ‘आज काय खाल्लंस?’ ‘आज काय केलंस?’ हे फारसं कोणी विचारत नाही, आणि सरकारी अहवालांचंही बरंचसं तसंच असतं. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक, आणि बहुतेक ठिकाणी हीच सगळ्यात मागे पडलेली. ती नीट चालते का हे पाहायचं तर माहितीचा अधिकार कायदा, 2005 कामी येतो.

आधी घरच्या घरी एक चाचणी करा. पाच वर्षांच्या मुलाला वीसपर्यंत म्हणायला सांगा. धडाधड म्हणेल. मग चिंचोक्यांचा ढीग पुढे ठेवून सांगा, ‘यातले सात दे.’ मूठभर उचलून पुढे केले, तर मुलाला आकडे पाठ आहेत, संख्या समजलेली नाही. एका मुलावरून अंगणवाडीला नापास करू नये; पण नेमकं काय विचारायचं ते अशानंच सुचतं.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. मूल त्याच अंगणवाडीत असायला हवं असं नाही. माहिती कशासाठी हवी तेही सांगावं लागत नाही. कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. महाराष्ट्रात राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात अर्ज लिहायचा आणि त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर स्टँप नको, दाखल्याची प्रत जोडा. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण 150 शब्दांत. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे बाल विकास प्रकल्प कार्यालयात द्या. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे येत नाही’ असं ऐकून माघारी येऊ नका.

खरी गोम मजकुरात आहे. माझा पहिला अर्ज ‘मुलांना काही येत का नाही, याची कारणे द्यावीत’ असा होता. महिन्याभरानं उत्तर आलं, ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ राग आला, पण बरोबर त्यांचंच होतं. या कायद्यात असलेला कागद मागता येतो, नसलेलं स्पष्टीकरण नाही. तेव्हा असं लिहा: अमुक अंगणवाडी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, शाळापूर्व शिक्षणाच्या हजेरीच्या नोंदी, शिक्षण संच मिळाल्याच्या तारखा व साहित्याची यादी, सेविकेच्या बालशिक्षण प्रशिक्षणाच्या तारखा, पर्यवेक्षिकेचे भेटीचे शेरे, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी, नावं झाकून. नावं मागूच नका, तिथंच नकार येतो. अंगणवाडीच्या जुन्या अकरा नोंदवह्यांत चौथी शाळापूर्व शिक्षणाची असे. 2021 पासून बऱ्याच नोंदी पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर गेल्या आहेत, म्हणून ‘संगणकीय नोंदींच्या छापील प्रती’ असेही शब्द घाला.

आणखी एक ओळ मी हमखास घालतो: या काळात सेविकेला सर्वेक्षण, बैठका वा इतर कामांसाठी दिलेल्या लेखी आदेशांच्या प्रती. कारण तमिळनाडूतल्या प्रयोगात आहे. तिथं काही अंगणवाड्यांत बालशिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, आणि दीड वर्षानं तिथली मुलं भाषा-गणितात इतर अंगणवाड्यांतल्या मुलांच्या पुढे होती. कुपोषणही कमी दिसलं. म्हणजे मुलं मागे पडली तर दोष बाईंच्या कुवतीचाच असतो असं नाही. वजन, लसीकरण, आहार, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं उरकून शिकवायला तिच्याकडे किती वेळ उरतो, तेही मोजायला हवं. म्हणून अर्ज देण्याआधी सेविकाताईंच्या कानावर घाला. नाहीतर चौकशी आपल्यावरच लागली असं त्यांना वाटतं.

उत्तराला 30 दिवसांची मुदत. प्रतींसाठी पानाला 2 रुपये लागतात. मुदत उलटली तर फुकट द्याव्या लागतात. कागद ढीगभर असतील तर प्रतींऐवजी अवलोकन मागा. पहिला तास मोफत बसून पाहता येतं आणि हवी तेवढीच पानं घेता येतात. हजेरीपट पाहताना एक खूण लक्षात ठेवा: जून ते ऑगस्ट, भर पावसाच्या आणि लावणीच्या दिवसांतही रोज तीच संख्या, त्याच शाईत, त्याच वळणात असेल, तर तो पट रोज भरलेला नाही.

उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टँपसह. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर असतं. तिथंही दाद लागली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर माहिती अर्जाच्या वाटेला जाऊ नका. सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे. मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्यांची यादी जोडून प्रकल्प कार्यालयात मागणीपत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, कारण ते तीन महिने त्या तारखेपासूनच मोजले जातात.