केळीच्या पानांची फडफड

समजा, चोपड्याकडची एक बाई आहे. गेल्या जूनच्या वादळात घरावरचे पत्रे उडाले, तेव्हा ती लेकराला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. दोघंही वाचली. केळीची बाग आडवी झाली, पंचनामा झाला, नवे पत्रेही आले. पण आता वर्ष होत आलं तरी वारा सुटून पानं फडफडली की तिची छाती धडधडते, हातपाय गार पडतात. रात्री उठून ती छताकडे बघत बसते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली नाही, कारण वाट बागांमधून जाते. सासू मायेनं सांगते, "भ्याव काढी टाक."

ते असं काढून टाकता येत नाही, आणि यात तिचा काहीच दोष नाही.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. धोका जाणवला की आपण विचार करायच्या आत तो शरीराला सावध करतो; अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात चालतं. त्याला लागूनच असलेला हिप्पोकॅम्पस त्या प्रसंगाला स्थळ-काळ जोडतो. जीवावर बेतलं असताना हे जोडण्याचं काम विस्कळीत होतं, असं संशोधक मानतात. मग आवाज तेवढा पक्का राहतो, पण त्यावर तारीख नसते. पान फडफडलं की शरीराला वाटतं, वादळ आत्ताच चालू आहे.

अशा प्रसंगानंतर काही दिवस झोप उडणं, दचकणं स्वाभाविक आहे; बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिना उलटूनही त्रास टिकला आणि रोजची कामं अडू लागली, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत या आजाराला 1980 साली जागा मिळाली. आपल्याकडे मात्र तो बऱ्याचदा डोकेदुखी, अंगदुखी म्हणून दवाखान्यात येतो. पुरुषांमध्ये चिडचिड किंवा दारू तेवढी दिसते, आणि त्यामागची भीती कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

उपचारात समुपदेशक तिला तो प्रसंग सुरक्षित जागी, तिला झेपेल तसा, पुन्हापुन्हा सांगायला लावतो. मग वारा पडलेल्या सकाळी बागेच्या बांधापर्यंत, पुढच्या आठवड्यात दोन ओळी आत. पानं हलतात आणि काहीच होत नाही, हे शरीर हळूहळू शिकतं. साधारण 8 ते 15 भेटी लागतात. कधी सर्ट्रालीनसारखं औषधही देतात. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी "सगळं सांगून मोकळी हो" म्हणून मागे लागल्यानं मात्र फायदा होत नाही. तेव्हा हवी असते झोप, जेवण आणि सोबत.

घरच्यांनी भगताकडे नेलं असेल तर भांडू नका, पण तिथेच थांबूही नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. तेही लांब पडत असेल, तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आजाराचं नाव माहीत नसलं तरी चालतं. "वादळ झाल्यापासून झोप नाही," एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न ते विचारतात.